वकिली करता करता थोडाच काळ कायदेमंडळात बसले, पण तिथे ठोस काम करून गेले असे मराठी वकील कोण?

माझं उत्तर : काशिनाथ त्र्यंबक तेलंग. रानडे, टिळक, आगरकर यांच्यापुढे हे नाव मागे पडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जन्म १८५० चा, मुंबईतला. १८७२ पासून हायकोर्टात वकिली; हिंदू कायद्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. १८८४ मध्ये सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमलं आणि १८८९ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मधली पाच वर्षं, तेवढीच.

तेव्हाचं कौन्सिल १८६१ च्या कायद्याखालचं. निवडणूक नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही, सरकारला प्रश्न विचारायची सोय नाही. पुढ्यात आलेल्या विधेयकावर बोला, दुरुस्ती सुचवा, बस्स. मतांचा जोर सरकारकडेच. अशा ठिकाणी खरी लढाई मसुद्यातल्या शब्दांवर होते, आणि तेलंगांचा हात तिथेच बसलेला होता. गीतेचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या, मुद्राराक्षसाचे पाठभेद ताडून संहिता सिद्ध करणाऱ्या माणसाला, कलमातला एक शब्द हलला की अधिकार कोणाकडे सरकतो हे सांगावं लागत नव्हतं.

१८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा याच काळातला. त्याच्या आधीच्या मसुद्यात आयुक्ताचं पारडं फार जड होतं. फिरोजशहा मेहता आणि तेलंग यांनी झगडून ते बरंच खाली आणलं. ७२ सभासदांपैकी ३६ करदात्यांनी निवडायचे ठरले. मेहतांचं श्रेय मोठं आहेच, पण तेलंगांचं नाव त्यांच्यासोबत घेतलं जात नाही. मुंबईत वकिली करणाऱ्या आम्हा लोकांचा या कायद्याशी रोजचा संबंध. बांधकाम बेकायदा ठरवणारी ‘३५१ ची नोटीस’ हातात घेऊन अशील घाबराघुबरा येतो, ते कलम याच कायद्यातलं. दुरुस्त्या खूप झाल्या, कायदा तोच आहे.

एक गोष्ट मात्र सलते. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्या तेलंगांनी स्वतःच्या मुलीचं लग्न अगदी लहान वयात लावलं. सुधारकांनी तेव्हाही त्यांना धारेवर धरलं होतं, आणि ते योग्यच होतं. त्यांचं मोठेपण सांगताना हेही सांगायलाच हवं.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी गेले.