मशीनला आपला राग कळतो का?

प्रश्न : सर, मी खानापूरचा. माझी मुलगी बेंगळुरूत एका कॉल सेंटरला आहे, मराठी-कन्नड दोन्ही फोन घेते. तिथं मशीन आवाजावरनं भावना ओळखतं म्हणे, आणि तिच्या नावापुढं तीनदा 'रागात' असं पडलंय. पोरगी नुसतं "सांगा की ओ काका" म्हणाली होती. आपलं बोलणंच तसं आहे, हे मशीनला कळत नाही काय?

उत्तर : नाही हो काका, मशीनला राग असा कळतच नाही. ते आवाजाची पट्टी, जोर, वेग मोजतं आणि आधी ऐकवलेल्या नमुन्यांत हे कशाशी जुळतं ते बघतं, बस. आता ते नमुने कुणाचे बघा. या कामात खूप वापरला जाणारा बर्लिनचा संच म्हणजे 10 नटांनी जर्मनमध्ये म्हटलेली 535 वाक्यं, टोरंटोच्या संचात 24 नट आणि तिकडचं इंग्रजी. म्हणजे राग पण अभिनयाचा, आणि आपल्या बेळगावच्या शनिवार खुटावरचा आवाज त्यात कुठनं येणार? आमची आत्ती दारातनंच "आलास व्हय रे!" म्हणून ओरडते ते आनंदानं, पण आनंद आणि राग दोन्हीत पट्टी चढते, जोर वाढतो, मशीन तिथंच घसरतं.

माणसांचंही थोडं असंच आहे. 2001 साली छापलेल्या एका अभ्यासात जर्मन नटांनी निरर्थक वाक्यं वेगवेगळ्या भावनांत म्हटली आणि ती नऊ देशांतल्या लोकांना ऐकवली, तर सरासरी 66 टक्के वेळा भावना बरोबर ओळखली, जर्मनीत 74 आणि इंडोनेशियात 52. म्हणजे परक्याचा आवाज अगदीच कळत नाही असं नाही, पण भाषा लांबची झाली की चुका वाढतात.

माझं स्पष्ट मत, अशा शिक्क्यावर कुणाची नोकरी तोलू नये. युरोपियन युनियननं तर फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी हे वापरायला बंदीच घातलीय, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडून.

मुलीला सांगा, त्या तीन कॉलचं रेकॉर्डिंग मागून घे आणि बेळगावकडची बोली कळणाऱ्या माणसाकडनं ऐकवून घे म्हणावं. मशीनला शिकवताना मराठी-कन्नड आवाज होते काय, हेपण लेखी विचारू दे. आणि तिच्या रोजच्या साध्या बोलण्याचे चार-पाच कॉल सोबत द्यायला सांगा, कारण माणसाचा आवाज त्याच्याच नेहमीच्या आवाजाशी ताडून बघितला की चढलाय का नाही ते बरंच नीट कळतं.