वाचकांचे प्रश्न : मेरी वुलस्टनक्राफ्ट कुठून वाचायला घ्यावी?

प्रश्न : अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक दोनदा हाती घेतलं, दोन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणापाशी अडकलो. शिवाय नावात कुणी 'मेन' म्हणतं, कुणी 'वुमन'. नेमकं काय वाचायचं?

उत्तर : पुस्तकं दोन आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडणारा ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कचा ग्रंथ १ नोव्हेंबर १७९० रोजी निघाला. त्याला उत्तर म्हणून मेरीचं 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ मेन' महिन्याच्या आत आलं, तेही बिननावाने. डिसेंबरमधल्या दुसऱ्या आवृत्तीवर तिचं नाव छापलं गेलं. तुम्ही अडकलात ते १७९२चं 'राइट्स ऑफ वुमन'.

अडकण्यात तुमचा दोष नाही. तेरा प्रकरणांचं हे पुस्तक तिने अवघ्या दीडेक महिन्यात लिहिलं. मजकूर पुरा होण्याआधीच छापखान्याचा पोऱ्या पुढची पानं मागायला दारात उभा असे. आणखी वेळ घेतला असता तर पुस्तक अधिक चांगलं झालं असतं, असं तिनेच एका पत्रात कबूल केलं आहे. म्हणून तेच मुद्दे फिरून फिरून येतात.

तेव्हा ओळीने वाचू नका. आधी फ्रेंच मुत्सद्दी तालेराँला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका वाचा. त्याच्या शिक्षण-अहवालात मुलींना आठव्या वर्षानंतर घरी धाडायचं होतं, हे ध्यानात ठेवून. मग थेट बारावं प्रकरण. पाच ते नऊ वयाच्या, सर्व थरांतल्या मुलामुलींसाठी एकत्र, मोफत दिवसशाळा आणि सगळ्यांना सारखा पोशाख, इतका नेमका आराखडा तिथे आहे. त्याची मर्यादाही तिथेच दिसते: नवव्या वर्षानंतर घरकामाला किंवा हातच्या धंद्याला जाणाऱ्यांची शाळा वेगळी होते आणि दुपारी मुली शिवणकामाला बसतात. नंतर नववं प्रकरण: स्त्रियांनी वैद्यकी करावी, व्यापार करावा, आणि राज्यकारभारात त्यांचे प्रतिनिधी असावेत, ही सूचना तिने हळूच पुढे सरकवली आहे. पाचवं प्रकरण रूसोच्या 'एमील'चा पाचवा भाग पाहिल्याशिवाय घेऊ नका. तिथली सोफी, म्हणजे नवऱ्याला खूश ठेवण्यासाठीच घडवलेली एमीलची बायको, माहीत नसेल तर मेरी उगाच चिडली आहे असं वाटतं. आणि 'सेक्शुअल' हा शब्द तिच्याकडे कामवासनेसाठी नाही, 'स्त्री-पुरुष भेदाचा' या अर्थाने येतो. तिथे चूक झाली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणांचा अर्थच उलटतो.

कायद्यांबद्दल ती दुसऱ्या खंडात लिहिणार होती. तो खंड आलाच नाही. ती उणीव थोडीफार भरते ती 'द राँग्ज ऑफ वुमन' या अपुऱ्या कादंबरीत, जिथे नवराच बायकोला वेड्यांच्या इस्पितळात डांबतो.

प्रश्न : ती बाळंतपणात गेली म्हणतात. नेमकं काय झालं?

उत्तर : ३० ऑगस्ट १७९७ रोजी मुलगी झाली, पण वार पडली नाही. बोलावलेल्या डॉक्टरने ती हाताने, तुकड्यातुकड्याने काढली. हातांतून संसर्ग जातो हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. सूतिकाज्वर चढला आणि १० सप्टेंबरला, अडतिसाव्या वर्षी ती गेली. ती मुलगी म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेली.

प्रश्न : मग पुढे तिचं नाव घ्यायला लोक कचरू का लागले?

उत्तर : नवऱ्यामुळे, आणि तेही प्रेमापोटी! विल्यम गॉडविनने जानेवारी १७९८मध्ये तिचं चरित्र छापलं. गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन व्यापाऱ्याशी लग्नाविना संबंध, त्यातून झालेली मुलगी फॅनी, आत्महत्येचे दोन प्रयत्न, सगळं त्यात सांगून टाकलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने काही जागा सौम्य केल्या, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

म्हणून चरित्र शेवटी ठेवा. त्याआधी १७९६ची स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कची पंचवीस पत्रं वाचा. तिचं सर्वांत सुंदर गद्य तेच. वर्षाची फॅनी आणि एक दाई सोबत घेऊन ती इम्लेचं चांदी भरलेलं बेपत्ता जहाज शोधायला निघाली होती. पत्रांत मात्र धबधबे आहेत, पाइनची रानं आहेत, नॉर्वेचे शेतकरी आहेत. जहाजाचा पत्ता नाही.