मुळांआधीची सोबत

प्रश्न : कांद्याच्या रोपांसाठी मायकोरायझाची पावडर आणली. ही बुरशी मुळांना मदत करते म्हणे. आम्ही तर करप्यासाठी वर्षानुवर्षं बुरशीनाशकच फवारतोय. ही मदत कधीपासूनची? – एक शेतकरी, निफाड

उत्तर : मुळं अशी नव्हतीच, तेव्हापासूनची.

स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतांच्या दगडी बांधांमध्ये १९१२च्या सुमारास विल्यम मॅकी या डॉक्टरांना एक गारगोटीसारखा दगड दिसला. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकानं तिथली वनस्पती जागच्या जागी दगडात जपली, पेशी न् पेशी शाबूत. त्यातली अ‍ॅग्लाओफायटॉन म्हणजे वीतभर उंचीच्या नुसत्या काड्या. ना पान, ना मूळ. पण तिच्या पेशींत झुडपासारखी फुटलेली बुरशी आहे, हे १९९४मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

अशीच झुडपं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना दाखवली, तीही कांद्याच्याच मुळांत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मुळं उकळायची, ट्रिपान ब्लूनं रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. त्या दगडाच्या छेदाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ओळखीची झुडपं होती ती!

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये तर अशा बुरशीचे सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू मिळालेत. त्या काळच्या उघड्या खडकाळ जमिनीवर स्फुरद (फॉस्फरस) मिळवणं मुश्कील होतं. तो मातीत फारसा हलत नाही, त्याच्यापर्यंत जावं लागतं. बुरशीचे तंतू जातात, स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात. तुमच्या कांद्याची मुळं जाड, फारशी न फुटणारी, केशमुळं नावापुरती. त्याला ही सोबत जास्तच लागते.

मुळांवर बाहेरून वेष्टण घालणारी बुरशी पुष्कळ नंतरची. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, ५ कोटी वर्षांहून जुन्या राळेत, तशी मुळं सापडली आहेत.

करपा आणणारी बुरशी वेगळ्या घराण्यातली. पण काही बुरशीनाशकं दोघींत फरक करत नाहीत, म्हणून पावडर लावल्यावर लगेच त्यांची आळवणी करू नका, म्हणजे मुळाशी द्रावण ओतू नका. स्फुरदाचा डोसही बेतानं द्या. तो आयता मिळाला की झाड बुरशीला थारा देत नाही. आणि उरलेली पावडर कोबीला घालू नका. मोहरी-कोबीच्या कुळानं ही सोबत केव्हाच सोडली आहे.