बाजीराव मस्तानीमध्ये मस्तानीपेक्षा काशीबाईच जास्त लक्षात का राहते?

माझ्या मते ती कुठेच तमाशा करत नाही म्हणून. २०१५ च्या या पिक्चरमध्ये प्रियांका चोप्राचा तो एक सीन आठवा, काशीबाई दिवे विझवत नवऱ्याशी बोलते, आवाज चढत नाही, शिव्याशाप नाहीत, पण आतून तुटलीये हे नुसत्या डोळ्यांतून कळतं, आणि मला तर तिथेच सगळा पिक्चर तिचा वाटायला लागतो. पिंगा गाण्यावरून पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता आणि मलाही ते गाणं पटलं नाही, पेशव्यांच्या घरातली बाई अशी नाचेल हे शक्यच नाही.

पण खऱ्या काशीबाई याहून मोठ्या आहेत हो. चासच्या जोशांची लेक. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही गेली, तेव्हा मागे राहिलेला समशेर बहादूर जेमतेम सहा वर्षांचा होता आणि त्या सवतीच्या पोराला काशीबाईंनी सांभाळलं! हाच समशेर पुढे १७६१ ला पानिपतावर मराठ्यांकडून लढला, त्यात जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. पिक्चर बाजीरावांच्या मरणापाशी संपतो, त्यामुळे हे सगळं त्यात येतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.