पोळ्यांचा हिशेब, चकलीचं तेल आणि साडीचा फॉल
वाचकांचे प्रश्न : घरबसल्या धंदा

प्रश्न : आमच्या भागात कॉलेजची मुलं आणि एकटे राहणारे नोकरदार बरेच आहेत. पोळ्या करून द्यायचा विचार आहे. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. कणीक मळायचं यंत्र घ्यावं का? आणि भाव काय ठेवावा? शेजारच्या गल्लीत पाच रुपयाला पोळी मिळते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : यंत्र आत्ता नको. रोजचं पीठ पाच-सहा किलोच्या पुढे जाईपर्यंत परात आणि हात पुरतात. पोळ्या करणारं यंत्र तर मुळीच नको. त्यातली पोळी घडीची होत नाही आणि तुमचं गिऱ्हाईक घडीची पोळी मिळते म्हणूनच तुमच्याकडे येणार आहे. दोन जड लोखंडी तवे, मोठी परात, दोन शेगड्यांची भट्टी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि सुती कापडं एवढं घ्या. उरलेले पैसे गहू, गॅस आणि पहिल्या महिन्याच्या खाड्यांसाठी बाजूला ठेवा.

आता भाव. एक किलो पिठात साधारण सहाशे ते साडेसहाशे मिली पाणी जातं. थोडं तेल-मीठ धरून कणीक सव्वासोळाशे ते साडेसोळाशे ग्रॅम भरते. गोळा 45 ग्रॅमचा ठेवला तर 36 पोळ्या होतात. खर्च असा मांडा (हे भाव उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमच्या गावचे घाला) : गहू आणि दळण मिळून किलोला 45 रुपये, लाटताना लागणारं 60 ग्रॅम पीठ धरून 48. घडीत लावायचं आणि मोहनाचं तेल मिळून 60 ग्रॅम, नऊ रुपये. गॅस दहा-बारा रुपये. मीठ वगैरे रुपयाचं. म्हणजे 36 पोळ्यांना 70 रुपये, एका पोळीला दोन रुपयांच्या आत.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि ‘पाचाला विकली तरी तीन सुटतात’ म्हणतात. तसं नाही. मळणं, लाटणं, भाजणं आणि ओटा आवरणं मिळून एकटीला एका किलोला सव्वा तास लागतो. तासाला 80 रुपये मजुरी धरली तर शंभर रुपये, पोळीमागे पावणेतीन. कागद, पिशवी आणि पोचवणं याचे चाळीस पैसे. बेरीज पाच रुपयांच्या थोडी वर जाते. शेजारच्या गल्लीतली पाचची पोळी एकतर लहान असेल, नाहीतर करणारी स्वतःची मजुरी हिशेबात धरत नसेल. तुम्ही सात ठेवा. घरपोच देणार असाल तर आठ मागायलाही हरकत नाही.

सुरुवातीला दहा गोळे करून एकदम काट्यावर टाका, 450 ग्रॅम भरायला हवेत. कामाच्या घाईत गोळा नकळत 52 ग्रॅमचा होतो आणि किलोमागे 36 ऐवजी 31 पोळ्या पडतात. सात रुपयांच्या हिशेबाने पाच पोळ्या म्हणजे 35 रुपये. रोज पाच किलो पीठ मळत असाल तर दिवसाला पावणेदोनशे आणि पंचवीस दिवसांच्या महिन्यात चार हजारांच्या वर. गॅसचा सिलिंडर महागला म्हणून आपण हळहळतो, पण एवढी रक्कम गोळ्यातून निघून जाते ते कळतही नाही.

तक्रारी दोनच येतील. पहिली, पोळी डब्यात ओली होते. तव्यावरून काढलेली पोळी लगेच एकावर एक रचली की वाफ आत कोंडते, झाकणाला पाणी धरतं आणि तेच खाली गळतं. कापडावर किंवा जाळीवर दोन-तीन मिनिटं पसरा, मग रचा आणि डब्याच्या तळाला व झाकणाखाली कोरडं सुती कापड घाला. फॉइलमध्ये गरम पोळी गुंडाळू नका, तिथेही हेच होतं. दुसरी, दुपारपर्यंत कडा वाळतात. याला कणीक घट्ट मळणं किंवा मळल्यावर लगेच लाटायला घेणं कारणीभूत असतं. कणीक अर्धा तास झाकून ठेवा. शिवाय मंद आचेवर पोळी वाळते, म्हणून तवा चांगला तापलेला हवा. लोकवन गव्हाची पोळी मऊ राहते आणि बहुतेक गावांत मिळते, त्यामुळे गव्हाच्या जातीवर फार डोकं खाऊ नका. गिरणीतून आलेलं गरम पीठ मात्र लगेच डब्यात बंद करू नका, घाम धरून पिठाला वास येतो. आठवड्याचंच दळा.

पैशांचा एकच नियम : महिन्याचे आगाऊ. खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवला तर वजा, नंतर कळवला तर नाही. हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. तोंडी सांगितलेलं पहिल्या महिन्याच्या शेवटी कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : घरून पदार्थ विकायला कोणकोणते परवाने लागतात? एकाने सगळी कागदपत्रं करून द्यायचे सात हजार मागितले.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सात हजार देऊ नका. लहान उलाढालीला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) फक्त नोंदणी लागते, परवाना नाही. तिचं सरकारी शुल्क सात हजारांच्या जवळपासही जात नाही. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतो, फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. मिळणारा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, पूर्णपणे मोफत आहे. शोधलं की सरकारी वाटतील अशा नावांची संकेतस्थळं वर येतात आणि पैसे मागतात, ते दलाल. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानुसार, 2025 च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना कामाला येते. जीएसटीची तुम्हाला इतक्यात चिंता नाही.

गॅसकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर हवा. त्याची अनामत एकदम भरणं जड जात असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, पण पहिले दोन महिने धंदा चालतो की नाही ते बघायला ठीक.

प्रश्न : गेल्या दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेतल्या. घरी कुरकुरीत होती, गिऱ्हाइकाकडे आठ दिवसांत मऊ पडली. काही पाकिटांना खवट वास आला. शिवाय एक घाणा तेलातच विरघळला.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या तीन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, एकाच उपायाने जाणार नाहीत.

विरघळण्याचं कारण बहुतेक वेळा मोहन. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल पुरे. त्याहून जास्त झालं की पीठ एकमेकांना धरत नाही. उकड काढताना वाटीला वाटी पाणी घ्या, पण भाजणी जाडसर दळलेली असेल तर ती पाणी हळू पिते, म्हणून झाकून पुरतं मुरू द्या. सोऱ्यातून पडताना चकली तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून मळा. एकदम सगळी भाजणी भिजवू नका. तासाभरात तळून होईल एवढीच उकड घ्या.

मऊ पडण्याचं मूळ आचेत असतं. घाईत तेल फार तापलं की चकली बाहेरून लाल होते, आतल्या वेढ्यात पाणी राहतं आणि ते दोन-तीन दिवसांत बाहेर झिरपतं. तेल साधारण 160 ते 170 अंशांवर ठेवा. तापमापक नसेल तर पिठाचा तुकडा टाकून बघा, लगेच उसळी मारून वर आला तर तेल जास्त तापलंय, जरा थांबून वर आला तर बरोबर. चकलीभोवतीचे बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत ती काढू नका. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारं पाणीच, रंग बघून काढणाऱ्यांची चकली हमखास मऊ पडते.

दुसरं कारण पाकीट. कोमट चकली भरली की आत वाफ धरते. पूर्ण गार होऊ द्या, पण कोकणात रात्रभर उघडी ठेवू नका, तिथली दमट हवा चकली पिऊन घेते. गार झाली की त्याच दिवशी भरा. पातळ पारदर्शक पिशवीतून दमट हवा आणि उजेड दोन्ही आत जातात, तिथे जाड, अनेक थरांचं पाउच आणि हाताने दाबायचं सीलिंग यंत्र घ्या. या धंद्यात पहिलं यंत्र घ्यायचं तर हे. सील मारल्यावर पाकीट हाताने दाबून बघा, हवा निसटली तर पुन्हा मारा. सील मारताना तेलाचं बोट तोंडाला लागलं असेल तर ते नीट चिकटत नाही, म्हणून भरणारा आणि सील मारणारा हात वेगळा असलेला बरा.

खवटपणा तेलाचा. जुन्या तेलात नवं मिसळत राहिलात तर जुनं नव्यालाही लवकर बिघडवतं. तेल काळपट झालं, फेस येऊन बसेना किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर सुटला की ते टाका. एफएसएसएआयने तळणाच्या तेलासाठी एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की त्यात तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून या खुणांवर चालावं लागतं. प्रत्येक घाण्यानंतर खाली बसलेला चुरा गाळून काढा, तोच जळून तेल खराब करतो.

‘अमुक दिवस टिकते’ असं छापण्याआधी एकाच घाण्याची काही पाकिटं तारीख घालून ठेवून द्या. दर आठवड्याला एक उघडा. ज्या आठवड्यात फरक जाणवला त्याच्या आदल्या आठवड्याची मुदत छापा. दुसऱ्याचं पाकीट बघून मुदत छापणं म्हणजे गिऱ्हाईक गमावायची तयारी. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, हिरवं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, मुदत आणि तुमचा पत्ता हवाच. तीळ किंवा शेंगदाणा असेल तर तो घटकांत ठळक दिसू द्या. विक्रीला वापरायच्या वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, तो शिक्का मागायला कुणी आलं नाही म्हणून टाळू नका.

प्रश्न : भांडवलासाठी तीस हजार हवेत. एक जण वर्षभरासाठी ‘फक्त बारा टक्क्यांनी’ देतो म्हणतो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : फ्लॅट, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, बारा टक्के आहे का, एवढंच विचारा. असेल तर तीस हजारांवर वर्षाचे 3,600 व्याज, म्हणजे 33,600 भागिले बारा, हप्ता 2,800. हप्ता फेडत जाल तसं तुमच्याकडे राहणारं मुद्दल कमी होतं, पण व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर आकारलेलं आहे. कमी होणाऱ्या मुद्दलावर धरला तर हा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. आधी बँकेत मुद्रा कर्जाच्या शिशू गटाची चौकशी करा. पन्नास हजारांपर्यंत आहे आणि तारण लागत नाही. बचत गटात असाल तर गटातून मिळणारं कर्ज याहूनही सोयीचं पडू शकतं.

प्रश्न : पिको-फॉलचं मशीन घ्यावं का? साड्यांची दुकानं जवळ आहेत.
— एक वाचक, येवला

उत्तर : येवल्यात साड्या कमी पडणार नाहीत. पण पिकोचं मशीन घेण्याआधी महिनाभर हाताने फॉल-बीडिंगच (साडीच्या खालच्या काठाला आतून पट्टी लावणं आणि कडा दुमडून शिवणं) घ्या. सुई, साडीच्या रंगाचे दोरे आणि फॉल एवढ्यावर सुरू होतं. फॉल लावण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा सुती फॉल पहिल्या धुण्यात आखडतो आणि मग साडीच्या काठाला चुण्या पडतात, पैठणीवर तर लांबून दिसतात. टाका साडीच्या सुलट बाजूला फक्त ठिपक्याएवढा दिसला पाहिजे. दुकानदाराला पहिल्या दोन साड्या फुकट करून द्या, पण तिसरीपासून दर ठरवूनच घ्या, आणि हिशेब महिन्याऐवजी दर आठवड्याला मागा.