सहा महिन्यांची इंटर्नशिप करावी, की घरी बसून प्रोजेक्ट आणि कोडिंगचा सराव?

तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, पुढच्या वर्षी शेवटच्या सेमिस्टरला छोट्या कंपनीत इंटर्नशिप मिळतेय आणि मित्र म्हणतायत की त्यापेक्षा मुलाखतीची तयारी कर. माझं मत: इंटर्नशिप करा. फक्त होकार देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या, ती खाली लिहिली आहे.

मी सांगली जिल्ह्यातला. पुण्यात बाणेरला एका लहान कंपनीत सहा महिने होतो. गावोगावच्या दूध संस्थांसाठी ते सॉफ्टवेअर करायचे. शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची नोंद, त्यावरून दर, आणि दर दहा दिवसांनी बिल. स्टायपेंडमध्ये खोलीचं भाडं आणि मेस भागायची, शिल्लक काही पडायची नाही.

पहिले तीन आठवडे मी फक्त दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचला. कॉलेजात आपण दरवेळी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करतो. इथे पाच वर्षं जुना कोड होता आणि तो लिहिणारे निम्मे लोक कंपनी सोडून गेलेले. गिटमधले (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) जुने कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, उघडून ‘ही ओळ कुणी, कधी, कशासाठी घातली’ हे शोधायला मी तिथेच शिकलो.

मग एक तक्रार माझ्याकडे आली. काही शेतकऱ्यांच्या बिलात एकाच तारखेला सकाळच्या दोन नोंदी दिसत होत्या आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ रिकामी. सगळ्यांच्या नाही, रोज नाही. ऑफिसात कितीही वेळा करून बघितलं तरी चूक सापडेना.

आमच्या घरी दोन म्हशी आहेत. बारावीपर्यंत पहाटे किटली घेऊन डेअरीत मीच जायचो. पाचला काटा सुरू होतो, लवकर गेलं की रांग लागत नाही. म्हणून मी त्या नोंदींच्या वेळा काढून बघितल्या. बिघडलेली प्रत्येक नोंद साडेपाचच्या आतली होती. सर्व्हरवर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात होती, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटं आहे. पहाटे ५:१० ला घातलेलं दूध सर्व्हरच्या हिशेबानं आदल्या रात्री ११:४० चं ठरायचं. ११ तारखेचं दूध १० तारखेच्या बिलात! चाचणी घेणारे सकाळी दहाला कामावर येतात, त्यांना हे दिसणार कुठून?

मी बिलाच्या क्वेरीत (डेटाबेसमधून नोंदी काढणाऱ्या कोडमध्ये) साडेपाच तास मिळवले आणि पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती. चाळीसेक ओळींच्या बदलावर माझं काम बघणाऱ्या सिनिअरनं चौदा शेरे लिहिले. तिचा पहिलाच प्रश्न होता: ‘केंद्रावर नेट नसेल आणि नोंद दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सर्व्हरवर आली, तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लक्षात आलं की दुधाची तारीख घड्याळावरून काढायचीच नाही. संस्थेचा सचिव रजिस्टरात जी तारीख आणि सकाळ-संध्याकाळ लिहितो, तीच वेगळ्या रकान्यात साठवायची. हाच तारखेचा हिशेब आणखी तीन ठिकाणी केलेला होता, तोही बदलला. ५:२९ आणि ५:३० अशा दोन्ही वेळांच्या टेस्ट लिहिल्या. या सगळ्याला अकरा दिवस लागले, आणि ते चौदा शेरे मी अजून जपून ठेवलेत. कॉलेजच्या चार वर्षांत माझा कोड इतक्या बारकाईनं कुणीच वाचला नव्हता.

घरी बसून केलेल्या प्रोजेक्टमध्ये चुकीच्या बिलाबद्दल फोन करणारा शेतकरी नसतो. त्या फोनमागे एखाद्या घराचे दहा दिवसांचे पैसे असतात, हे मला घरातूनच माहीत होतं. म्हणून ते काम मला कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठं वाटलं.

सराव मात्र पूर्ण सोडू नका. मी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तासभर करायचो, पुढच्या मुलाखतींना तो कामी आला.

आता ती विचारायची गोष्ट. कंपनीला थेट विचारा: ‘माझा कोड कोण तपासणार आणि तो माणूस आठवड्यातून किती वेळ देईल?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर खुशाल जा. नुसतं ‘टीम आहे ना’ असं म्हणाले, तर दुसरी कंपनी बघा. माझ्या वर्गातल्या एकाला सहा महिने एक्सेल शीट भरायला बसवलं होतं, त्याला हा प्रश्न कुणी सुचवला नव्हता.