वाचकांचे प्रश्न: 22 वर्षांच्या मुलाला एकटं दुकानात पाठवू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं बाळ 22 वर्षांचं आहे, डाउन सिंड्रोम आहे त्याला. 18 पर्यंत स्पेशल शाळेत जायचा, तिथे छान रमायचा, पण शाळा संपली आणि आता चार वर्षं घरीच आहे, सकाळपासून टीव्ही नाहीतर मोबाईल. वजन वाढलंय, चिडचिड वाढलीय. मागच्या वर्षी एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा पाठवला तर वाटेत पोरांनी चिडवलं, हातातली पन्नासची नोट काढून घेतली, रडत घरी आला. तेव्हापासून ह्यांनी सांगितलंय की एकटा सोडायचा नाही. मला ते पटतंय पण आणि नाही पण. आमच्यानंतर त्याचं कसं होणार ह्या विचाराने रात्री झोप लागत नाही. त्याला बाहेर काढायचं तरी कसं?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, तो रडत घरी आला तेव्हा तुमच्या पोटात काय झालं असेल ते कळतंय मला, इतकी वर्षं ह्या मुलांसोबत काम करतेय आणि जवळजवळ प्रत्येक घरात असा एक दिवस असतो ज्यानंतर दार लावून घेतलं जातं. पण मला विचाराल तर त्या दिवशी कमी पडली ती ओळख. जो मुलगा इतके दिवस कुणाला दिसलाच नाही त्याला त्या रस्त्यावर कोण ओळखणार, आणि ओळखत नसेल तर मध्ये कोण पडणार?

आधी एक तब्येतीचं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी असणं बरंच आढळतं, वजन आणि चिडचिड त्यामुळेही वाढू शकते, तर ती रक्ततपासणी करून घ्या, सगळं टीव्हीवर ढकलू नका.

आता दुकानाचं. एकदम पाठवू नका आणि एकदम बंदही करू नका. एकच काम निवडा, समजा सकाळचं दूध, रोज त्याच वेळी, त्याच दुकानात. आम्ही हे उलट्या बाजूने शिकवतो, म्हणजे शेवटची पायरी आधी. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, फक्त पिशवी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायचं काम त्याचं. ते जमलं की दुकानदाराच्या हातातून पिशवी घेणं त्याचं, मग पैसे देणं, मग "अर्धा लिटर द्या" म्हणणं, मग रस्ता. असं केलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्याच हातून, आणि "मी दूध आणलं" हे तो पहिल्या दिवसापासून सांगू शकतो. हिशोब येत नसेल तरी अडत नाही, नव्या नोटा रंगाने ओळखता येतात, जांभळी शंभरची, निळी पन्नासची, पण जुनी शंभरची पण निळसरच असते म्हणून सुरुवातीला घरातूनच बघून नव्या नोटा द्या.

तुम्ही मात्र हळूहळू मागे सरायचं. आधी हात धरून, मग शेजारून, मग दहा पावलं मागे, मग कोपऱ्यावर उभं राहून, मग दारातून. ह्याला तीन महिने लागले तरी लागू देत. आणि दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, "सांभाळून घ्या" असं नाही, "तो स्वतः मागेल, थोडा वेळ लागेल, तुम्ही माझ्याकडे न बघता त्याच्याशीच बोला" असं सांगा. वाटेतला इस्त्रीवाला, समोरच्या काकू, रिक्षा स्टँडवरचे दोघंतिघं, ह्यांना तो नावाने ओळखेल आणि ते त्याला, एवढं झालं ना की नोट हिसकावणाऱ्याला तिथल्या तिथे कोणीतरी हटकेल. त्याला पण एक वाक्य पाठ करून ठेवा, कोणी पैसे मागितले की "नाही" मोठ्याने म्हणायचं आणि सरळ इस्त्रीच्या टपरीवर जायचं. घरीच चारपाच वेळा खेळून बघा हे, त्याच्या बाबांना पैसे मागणारा करा, म्हणजे त्यांचीही भीती जरा कमी होईल.

गणपती मंडळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मी सांगतेच. दरवर्षी अशा मुलांना पुढची खुर्ची देऊन बसवतात आणि सगळ्यांना वाटतं सामावून घेतलं. खुर्ची नको, काम मागा. आरतीला झांज, प्रसादाच्या द्रोणांची मांडणी, काहीही, पण रोजचं आणि त्याचंच, तो आला नाही तर अडेल असं.

आणि ताई, रागावू नका, पण पत्रात त्याला बाळ म्हणू नका. 22 वर्षांचा आहे तो. शर्ट कुठला घ्यायचा, केस कसे कापायचे हे त्याला विचारा, चुकीचा रंग निवडला तरी निवडू दे.

"आमच्यानंतर"चं म्हणाल तर 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा. तो करून ठेवा. पण कागदावरचा पालक रोज सकाळी गल्लीत नसतो, ती माणसं आत्ताच जोडायला लागतील.

प्रश्न: मी व्हीलचेअरवर आहे, वय 27. ग्रामसभेला जायचं असतं पण ग्रामपंचायतीला पाच पायऱ्या, भाऊ म्हणतो उचलून नेतो, मला ते नको वाटतं. काय करू?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: नको वाटतं हे अगदी बरोबर आहे, त्यात संकोच कसला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सार्वजनिक इमारत तुम्हाला वापरता आलीच पाहिजे. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो तुमच्या गावात किती होता आणि कशावर गेला हे लेखी विचारा. रॅम्पसाठी वेगळा अर्ज द्या, उतार किती हवा तेही लिहा, एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी, नाहीतर घसरगुंडी बांधून मोकळे होतात. रॅम्प होईपर्यंत ग्रामसभा शाळेच्या पटांगणात किंवा देवळासमोर घ्या अशी मागणी त्याच अर्जात करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सह्या घ्या, पायऱ्या त्यांनाही नकोच असतात. आणि अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट.